पुढं काय करायचं, ते तुम्ही सांगा

आमच्या व्हिडिओत साडेतीन मिनिटांनी चित्र थांबतं. नववीतली एक मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. ओसरीवर पाहुणे बसलेत, आईच्या हातात पोह्यांच्या ताटल्या आहेत आणि मामा मुलीच्या वडिलांना समजावतोय, "पोरगा कष्टाळू आहे. दसऱ्याच्या आत उरकून टाकू, म्हंजे यंदाच कोयता होईल." आवाज बंद होतो. पडद्यावर प्रश्न येतो: आई आता काय करेल? खाली तीन वाटा. आई गप्प राहील. आई नवऱ्याला बाजूला बोलावून नाही म्हणेल. आई शाळेतल्या बाईंना निरोप धाडेल. बघणाऱ्यानं बोट लावलं की त्या वाटेचा पुढचा भाग सुरू होतो आणि तो संपता संपता नवा प्रश्न उभा राहतो.

बालविवाहावरचे असे वाटा फुटणारे व्हिडिओ करण्याचं आणि ते लोकांपर्यंत नेण्याचं काम मी काही वर्षं बीड जिल्ह्यात करते आहे. मी मुळात संकलक. पुण्यात माहितीपट जोडत होते, मग मराठवाड्यात परतले. या कामानं मला जे दिलं ते एका वाक्यात सांगता येतं: पडद्यावरून प्रश्न विचारायचा असेल, तर येणारं उत्तर ऐकून घेणारं आणि त्यावर काही करणारं माणूस आधी उभं करावं लागतं. बाकी सगळं तंत्र त्याच्या मागून येतं. हे वाक्य माझ्यापर्यंत कसं आलं ते लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 20 ते 24 वयोगटातल्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के निघालं. बीड जिल्ह्यात ते 43.7 टक्के होतं. या आकड्यामागे ऊसतोड आहे. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. त्यामुळे मुलाचं लग्न झालं की घराची उचल वाढते. मुलीच्या घरी हिशेब वेगळा असतो. आईबाप सहा महिने फडात जाणार, मग वयात आलेली मुलगी ठेवायची कुठं? बरोबर नेली तर कोपीत राहणार, जिथं दाराला कडी नाही. गावात ठेवली तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. लग्न लावलं की दोन्ही घरांचे प्रश्न एका दिवसात सुटल्यासारखे वाटतात.

कायदा लोकांना ठाऊक नाही असं नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 ठरवलंय, लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. हे सगळं सांगणारे व्हिडिओ मी आधी केले होते. ग्रामसभेत ते दाखवले की माणसं शांतपणे बघत, मान डोलावत, शेवटी टाळ्या वाजवत. बाहेर पडल्यावर एखादी बाई म्हणायची, "बरोबर सांगितलं बाई तुम्ही. पर करायचं कसं?" तिला माहिती कमी पडत नव्हती. पाहुणे ओसरीवर बसलेले असताना, सासरा, दीर, भाऊ सगळ्यांच्या देखत, तोंडातून पहिला शब्द कोणता काढायचा, एवढंच तिला हवं होतं.

अशा वेळी सराव लागतो. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात जे नाटक उभं केलं त्यात प्रेक्षक नाटक थांबवतो, स्वतः रंगमंचावर चढतो आणि पीडित पात्राच्या जागी उभा राहून वेगळं वागून बघतो. आयुष्यात जे करायचं त्याची तालीम आधी मांडवात होते. ऑनलाइन व्हिडिओला हे साधेल का, हा माझा प्रश्न होता. लंडनच्या पोलिसांनी 2009 मध्ये किशोरवयीन मुलांसाठी असा एक प्रयोग यूट्यूबवर केला होता. घरातून निघताना चाकू घ्यायचा की नाही इथपासून प्रत्येक वळणावर बघणारा ठरवतो आणि त्याच्या निवडीप्रमाणे शेवट बदलतो. कॅमेरा बघणाऱ्याच्याच डोळ्यांच्या जागी असतो. तो प्रयोग बघितला आणि मला आमच्या गावातली ओसरी दिसायला लागली.

लंडनच्या त्या व्हिडिओचं यंत्र मात्र आमच्या कामाचं नव्हतं. यूट्यूबवर तेव्हा चालू चित्रावरच दाबता येण्याजोग्या चौकटी टाकता येत. त्या संगणकावर चालत, मोबाइलवर चालत नसत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि आमच्याकडचे सगळे प्रेक्षक मोबाइलवर गेले. यूट्यूबनं 2017 मध्ये त्या चौकटींचं संपादन बंद केलं आणि 15 जानेवारी 2019 ला जुन्या व्हिडिओंवरच्या चौकटीही काढून टाकल्या. जगभर त्यांच्या आधारानं केलेले वाटा फुटणारे व्हिडिओ त्या दिवशी मुके झाले. परक्याच्या अंगणात खेळ मांडला की अंगणाचे नियम त्याचे, ही जाणीव तिथून पक्की झाली. आम्ही दोन साधनं हाताशी ठेवली. यूट्यूबवर व्हिडिओच्या शेवटच्या 20 सेकंदांत चारपर्यंत दुवे दाखवता येतात आणि ते मोबाइलवर चालतात. म्हणून आम्ही कथा छोट्या तुकड्यांत कापली आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वाटा ठेवल्या. दुसरं साधन व्हॉट्सअ‍ॅप. तुकडा पाठवायचा, खाली लिहायचं की 1, 2 किंवा 3 पाठवा; जो आकडा येईल त्याचा पुढचा तुकडा जाई. तिथं व्हिडिओ 16 एमबीच्या आत बसवावा लागे. संकलक म्हणून मी चित्रांची कापाकापी त्याच मापानं करायला शिकले: रात्रीची दृश्यं कमी, चेहरे जवळून, मागची हालचाल थोडी, म्हणजे फाइल आटोपशीर राहते आणि गावच्या नेटवर्कवर अडकत नाही.

खरी मेहनत मात्र कथेवर झाली. चित्रीकरणाच्या आधी आम्ही कथा कागदावर घेऊन गावात वाचून दाखवायचो. मुली वेगळ्या, आया वेगळ्या, बापे वेगळे. कुठं थांबायचं आणि कोणत्या वाटा द्यायच्या, हे त्यांच्याकडून यायचं. मुलीनं 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करावा ही वाट वाचली की मुली हसायच्या. "ताई, फोन भावाच्या खिशात असतो." मग ती वाट बदलली: मुलगी मैत्रिणीच्या वहीत चिठ्ठी ठेवते आणि मैत्रीण शाळेतल्या बाईंना गाठते. आया म्हणायच्या, "आई एकदम नवऱ्याला नाही म्हणत नसती. ती आधी जावेला धरती, मग सासूला. दोघी-तिघींचं एकमत झालं की मग गडी ऐकतो." मग स्वयंपाकघरातला एक अख्खा तुकडा लिहिला गेला, ज्यात भाकरी थापता थापता तिघी ठरवतात की पाहुण्यांना काय सांगायचं. एक बाई सरळ म्हणाली, "लगीन नगं म्हंता, मग सहा महिने पोरगी कुठं ठिवायची ते दाखवा पिच्चरमधी. त्ये दाखवत न्हाई, मग आमी काय निवडावं?"

त्या बाईच्या बोलण्यावर आमचा सगळा आराखडा उभा आहे. लग्न हे त्या घरानं एका खऱ्या अडचणीवर काढलेलं उत्तर होतं. ते नाकारायचं तर दुसरं उत्तर पडद्यावर दिसायला हवं, आणि पडद्यावर दिसणारं उत्तर गावातही सापडायला हवं. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, पण ती मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, आणि मुलीचं लग्न ठरतं ते नेमकं नववी-दहावीत. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, तेव्हा आम्हाला पडद्यावर एक नवी वाट जोडता आली. त्या तुकड्यात अर्ज कुठं करायचा, कोणते दाखले लागतात आणि मुकादमाकडून ऊसतोडीचा पुरावा कसा मागायचा, हे एक बाप आपल्या मुलीला बरोबर घेऊन करतो. त्या तुकड्यात नाट्य कमी आहे, तरी आयांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलेला तुकडा तोच.

व्हिडिओत एक वाट अशी आहे की जिच्यावर आई गप्प राहते आणि लग्न होतं. ती वाट काढून टाका, चुकीचा पर्याय लोकांपुढे ठेवू नका, असा आग्रह एका अधिकाऱ्यानं धरला होता. आम्ही ती ठेवली. तिन्ही उत्तरं बरोबर असतील तर बघणारा परीक्षेतल्यासारखं अपेक्षित उत्तर देतो आणि घरी जाऊन मनातलं करतो. त्याला मनातलं उत्तर पडद्यावर देता आलं पाहिजे, म्हणजे त्या उत्तराच्या मागोमाग आपण चालू शकतो. त्या वाटेवर कोणी खलनायक नाही. लग्न अंगणात होतं, मामा खूश, नवरा खरंच कष्टाळू. मग दप्तर माळ्यावर जातं, दिवाळीनंतर मुलगी फडात उभी राहते, पहाटे मोळ्या बांधते, गाडी भरते, आणि हंगाम संपण्याआधी तिला दिवस गेलेले असतात. दवाखान्यात नर्स वय विचारते. सासू उत्तर देते. मुलगी सासूच्या तोंडाकडे बघते. तुकडा तिथं संपतो आणि प्रश्न येतो: हे कोणत्या दिवशी थांबवता आलं असतं? बघणारा मागे जाऊन दिवस निवडतो. बापे मंडळींची बैठक याच प्रश्नाला सर्वांत जास्त बोलते. कोणी म्हणतं, पाहुणे यायच्या आधी. कोणी म्हणतं, उचल घेतली त्या दिवशीच.

हे सगळं ऑनलाइन असलं तरी एकट्यानं बघितलं जाणारं नाही, हे काम करताना रोज दिसत गेलं. घरात एक फोन, तो कर्त्या पुरुषाचा. मुलगी बघणार ती शाळेत बाईंच्या टॅबवर, आई बघणार ती आशाताईच्या फोनवर, अंगणवाडीच्या ओट्यावर, पाच-सहा जणी डोकी जोडून. पर्यायावर बोट एकीचं पडतं, पण त्याच्या आधी सगळ्या भांडतात. बदल त्या भांडणात होतो. एक आजी सुनेला म्हणाली, "तू गप्प बसशील म्हंतेस? मग तुझ्या टायमाला मी बोलले आसते तर तुला बरं वाटलं आसतं का न्हाई?" असा प्रश्न मला कुठल्याही पटकथेत लिहिता आला नसता.

आमच्या अनुभवाच्या पाठीशी आधीचं कामही आहे. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या डिजिटल ग्रीन या प्रकल्पानं शेतकऱ्यांचेच व्हिडिओ शेतकऱ्यांना दाखवले. गावातला एक माणूस पडद्याजवळ बसायचा, मध्येच व्हिडिओ थांबवायचा, प्रश्न विचारायचा, कोणी काय करून बघितलं त्याची नोंद ठेवायचा. 16 गावांत 13 महिने चाललेल्या त्यांच्या चाचणीत, नेहमीच्या प्रशिक्षण आणि भेटीच्या पद्धतीपेक्षा काही शेतीपद्धतींचा स्वीकार सातपट झाला. बघणारे पहिला प्रश्न विचारायचे, हा शेतकरी कोणत्या गावचा? आमच्याकडेही तेच. व्हिडिओतली बोली शिरूर-पाटोद्याकडची आहे का, ओसरी आपल्यासारखी आहे का, हे आधी पारखलं जातं. म्हणून आमचे कलाकार याच पट्ट्यातले आहेत आणि मामाचं काम करणारे गृहस्थ स्वतः हंगामात गाडीवान म्हणून जातात.

शाळांमध्ये मुलांना, म्हणजे मुलग्यांना, आम्ही वेगळं दाखवतो. त्यांच्यासाठी चित्र वेगळ्या ठिकाणी थांबतं: बहिणीचं लग्न ठरतंय, भाऊ काय करेल? दहावीच्या एका वर्गात एक मुलगा बराच वेळ काही न बोलता बसला होता. बाकीचे पटापट आकडे सांगत होते. शेवटी तो म्हणाला, "माझ्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो. मला कुणी विचारलंच नाही, आणि मीबी विचारलं नाही." त्यानंतर वर्गात जे बोलणं झालं ते अर्धा तास चाललं आणि व्हिडिओ तसाच थांबलेला राहिला. तो पुढे चालू करायची गरज उरली नव्हती.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. मुलींच्या हाती अभ्यासासाठी फोन येऊ लागला, घरात बेकारी आली, आणि थोडक्यात उरकायची लग्नं वाढली. त्याच काळात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर आकड्यांऐवजी आवाज येऊ लागले. एका मुलीचा दबक्या आवाजातला निरोप होता: "ताई, मी दोन नंबर पाठवला. पण आमच्यात असं नाही होणार. माझी सुपारी फुटली." थोड्या वेळात तिनं तो निरोप पुसला. फोन घरातल्या मोठ्या माणसाचा होता.

त्या क्षणी आमचं काम चित्रपटाचं राहिलं नाही. आपण विचारलं होतं, पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा, आणि तिनं सांगितलं होतं. परत फोन करणं तिच्या जिवावर बेतलं असतं. प्रत्येक गावाला दुवा वेगळा दिलेला असल्यामुळे गाव कळत होतं. त्या गावच्या आशाताई तेव्हा घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. त्या नेहमीसारख्या सगळ्या घरांत गेल्या, त्या घरातही गेल्या, आणि मुलीशी दोन वाक्यं बोलून आल्या. मग मुख्याध्यापकांनी शाळेच्या नोंदवहीतली जन्मतारीख दिली, ग्रामसेवक आईवडिलांना भेटले, समजावलं आणि अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न न करण्याचं हमीपत्र घेतलं. काही महिन्यांनी दुसऱ्या गावी नेऊन लग्न लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा वर्गशिक्षिकेच्या ध्यानात आलं आणि बालकल्याण समितीपर्यंत गोष्ट गेली. मुलगी दहावीला बसली. ती कोण, कुठली, हे ओळखू येईल असं काही इथं लिहीत नाही आणि लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि कायदा नसता तरी आम्ही तेच केलं असतं.

त्यानंतर आम्ही कामाचे नियम लिहून काढले आणि अजून ते मोडलेले नाहीत. उत्तर देणारी प्रशिक्षित समुपदेशक जागेवर नसेल तर त्या दिवशी नवा तुकडा पाठवायचा नाही. आलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करायचा नाही. प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी साधं, कोणाच्याही हाती पडलं तरी धोका होणार नाही असं उत्तर द्यायचं, अभ्यासाविषयी, परीक्षेविषयी. ज्या गावात आशाताई, बाई आणि ग्रामसेवक यांच्याशी आधी बोलणं झालेलं नाही, त्या गावाला दुवा द्यायचा नाही. यामुळे आमचे व्हिडिओ हळू पसरतात. ते मला मान्य आहे.

हळू पसरण्याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याच राज्यात घडलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. त्या काळात देशभर मोबाइलवर मुलं पळवल्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला सर्वांत पसरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीच्या एका संस्थेनं केलेला जनजागृतीचा होता. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग ते परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा संदेश दाखवतात. कोणी तरी शेवट कापला. मूल उचलल्याचा तेवढा तुकडा गावोगाव फिरला. समाजाच्या भल्यासाठी केलेलं चित्र कात्रीच्या एका घावात विष झालं. व्हॉट्सअ‍ॅपनं त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

वाटा फुटणाऱ्या व्हिडिओला हा धोका जास्त, कारण तो मुळातच तुकड्यांत असतो. म्हणून संकलन करताना मी प्रत्येक तुकडा एकटा उचलून बघते: हा मागच्या-पुढच्याशिवाय कोणाच्या हाती पडला तर काय सांगेल? लग्नाच्या तुकड्यात बँड नाही, नवरीचा साजशृंगार जवळून दाखवलेला नाही आणि मुलीचं वय संवादातच आहे. एखाद्या जातीचं, आडनावाचं, गावाचं नाव कुठल्याच तुकड्यात नाही. वसतिगृहाच्या तुकड्यात योजनेचं नाव तीनदा येतं, कारण तो तुकडा एकटाच फिरावा अशी आमची इच्छा आहे.

प्रेक्षकानं दिलेलं उत्तर पुढच्या व्हिडिओत दिसलं पाहिजे, हा धडा मी जुन्या कामांतून घेतला. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो 1967 मध्ये फोगो बेटावर गेले. सरकार तिथल्या कोळ्यांना बेट सोडून जायला सांगत होतं. लो यांनी गावकऱ्यांची बोलणी चित्रित करून ती बेटावरच्या दुसऱ्या गावांना दाखवली, मग सरकारला दाखवली, आणि मंत्र्याचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणलं. बेटावरची माणसं बेटावरच राहिली, त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे गोव्यातून काम करणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटियर्स या संस्थेनं 2010 पासून देशभरच्या गावांतले आणि वस्त्यांतले वार्ताहर उभे केले. त्यांच्या व्हिडिओच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक असतो आणि बघणाऱ्यानं त्याला फोन करावा अशी विनंती असते. काम झालं की ते कसं झालं याचा दुसरा व्हिडिओ निघतो.

आम्हीही मुलींचे प्रश्न गोळा केले आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांच्यापुढे ठेवले. ग्रामसेवकांनी कॅमेऱ्यापुढे सांगितलं की तक्रार करणाऱ्याचं नाव ते उघड करणार नाहीत. मुख्याध्यापकांनी सांगितलं की नोव्हेंबरात गेलेली मुलगी मार्चमध्ये परत आली तरी तिचं नाव पटावर असेल. सर्वांत अवघड होतं मुकादमाचं उत्तर. मुलींचा प्रश्न साधा होता: "जोडी घेताना तुम्ही मुलीचं वय का विचारत नाही?" बऱ्याच जणांनी नकार दिला. एक तयार झाला. तो कॅमेऱ्याकडे न बघता बोलला, "कारखान्याला टनं पाहिजेत, मला जोड्या पाहिजेत. वय इचारलं तर जोडी दुसऱ्याकडं जाती. सगळ्या मुकादमांनी इचारायचं ठरवलं तर मी पहिला इचारीन." हे उत्तर आम्ही जसंच्या तसं दाखवलं. ते बघून एका गावच्या बापांनी ठरवलं की आपल्या गावातून उचल घेणाऱ्या प्रत्येक जोडीचे आधार आणि शाळेचे दाखले ग्रामपंचायतीत बघितले जातील. त्या ठरावाला आमचा व्हिडिओ निमित्त झाला, निर्णय त्यांचा.

निधी देणारे विचारतात, किती जणांनी बघितलं? हा आकडा यूट्यूब आपोआप देतं. कोणत्या सेकंदाला माणसं उठून गेली तेही देतं, आणि संकलक म्हणून मला त्याचा उपयोग होतो. पण बघणाऱ्यांचा आकडा म्हणजे बदल नव्हे. आम्ही दुसऱ्या नोंदी ठेवतो: दिवाळीनंतर नववी-दहावीच्या पटावरून किती मुली गळाल्या, त्यातल्या किती परत आल्या, दहावीचा अर्ज कितींनी भरला, वसतिगृहासाठी कितींनी दाखले काढले. या नोंदी शाळेतल्या बाई ठेवतात, आम्ही त्यांना मदत करतो. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की टोळ्या कमी जातात आणि गळतीही कमी होते. त्याचं श्रेय व्हिडिओला द्यायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकलंय. जिथं आशाताई बदलून गेल्या आणि नव्या कोणी आल्या नाहीत, तिथं तोच व्हिडिओ असूनही बैठका थांबल्या. जिथं बाई टिकून आहेत, तिथं जुना झालेला व्हिडिओही अजून मुलींना बोलतं करतो.

आज पाच-सहा तुकड्यांचा वाटा फुटणारा व्हिडिओ एखादा विद्यार्थी मोबाइलवर दोन दिवसांत जोडू शकतो. दारूबंदी, हुंडा, मासिक पाळी, मतदान, कशावरही तो निघू शकतो आणि निघावा. असं काम करू बघणारी तरुण मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा कॅमेरा कोणता घ्यावा हे विचारतात. मी त्यांना आधी दुसरी यादी करायला लावते. तुमच्या प्रश्नाला उत्तर आलं तर ते कोण वाचणार? रात्री आलं तर कोण वाचणार? उत्तर देणाऱ्याला धोका असेल तर त्याच्या दारात कोण जाणार, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोण जाणार? पडद्यावर जी वाट दाखवता ती गावात खरंच आहे का? नसेल तर ती मागण्यासाठी तुम्ही कोणाबरोबर उभे राहणार? ही यादी भरली की मग कॅमेऱ्याचं बोलू.

कारण पडद्यावरून विचारलेला प्रश्न लोक मनावर घेतात. शाळेत न बोलणारी, घरात न विचारली जाणारी मुलगी पहिल्यांदा आपलं मत एका आकड्यानं नोंदवते, तेव्हा ती कुणावर तरी विश्वास टाकत असते. तो विश्वास पाळायची तयारी असेल त्यानंच तिला विचारावं, आणि ज्यांची ती तयारी आहे त्यांनी मात्र मागं राहू नये. यंदाही दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याच्या आधीचे दोन महिने सोयरिकींचे असतात, आणि तेवढ्यात आम्हाला प्रत्येक शाळेत, प्रत्येक अंगणवाडीच्या ओट्यावर पोचायचं आहे.